बैलाला टोचलं, गिधाड मेलं

सकाळी गाडी काढायला जावं तर सीटवर कबुतराचा प्रसाद पडलेला असतो. मधे काळपट हिरवा ठिपका आणि भोवती चुन्यासारखं पांढरं. तो पांढरा भाग म्हणजे पक्ष्याची लघवी. आपण शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात, भरपूर पाण्यात विरघळवून बाहेर टाकतो. पक्ष्याला उडायचं असतं, पाण्याचं ओझं बाळगणं त्याला परवडत नाही. म्हणून तो त्याचं युरिक अ‍ॅसिड करतो. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, आणि किडनी त्याचा दाटसर पांढरा लगदा करून बाहेर ढकलते.

आता ही किडनी बंद पडली तर? चुना बाहेर जायचा तो आतच साठत जातो. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड इतकं वाढतं की त्याचे स्फटिक हृदयावर, यकृतावर, आतल्या पडद्यांवर बसायला लागतात. माणसाच्या पायाच्या अंगठ्यात गाउट होतो ना, तेच दुखणं, फक्त इथे ते सगळ्या अवयवांवर पसरतं. अशा पक्ष्याचं शवविच्छेदन केलं की आतले अवयव खडूची पूड भुरभुरल्यासारखे दिसतात. भारतातली बहुतेक गिधाडं अशी मेली. कुणी त्यांची शिकार केली नाही, जंगलं तुटली म्हणूनही हे झालं नाही. झालं ते गोठ्यात दिल्या गेलेल्या एका इंजेक्शनामुळे, आणि तेही जनावराचं दुखणं कमी व्हावं म्हणून दिलेल्या.

मरण्याआधी ही गिधाडं माना टाकून बसायची. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी 1980 च्या दशकात गिधाडांची गणती केली होती. दहाएक वर्षांनी, 1996 च्या सुमाराला ते पुन्हा मोजायला लागले तेव्हा घरटी ओस पडत चालली होती आणि फांद्यांवर माना लोंबकळलेली गिधाडं दिसत होती. पांढऱ्या पाठीचं गिधाड हा त्या काळात जगातला सगळ्यात जास्त संख्येने आढळणारा मोठा शिकारी पक्षी असावा, असं पक्षितज्ज्ञ मानत. भारतातल्या सगळ्या गिधाडांचा तेव्हाचा ढोबळ आकडा चार कोटी सांगितला जातो. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारात एक उरलं. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून जवळपास 97 टक्के गेली.

आधी सगळ्यांना वाटलं, एखादा विषाणू असेल. शंका रास्तच होती, इतक्या मोठ्या मुलखात इतक्या वेगाने मरण पसरतं ते साथीनेच. पण विषाणू सापडेना. कीटकनाशकं तपासली, जड धातू तपासले, हाती काही लागेना. शेवटी पाकिस्तानात काम करणारे अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी एका साध्या प्रश्नावर आले. गिधाडं खातात काय? मेलेली गुरं. मग त्या गुरांना मरण्याआधी कोणती औषधं दिली जातात? त्यातलं किडनीला घातक ठरेल असं औषध कोणतं? उत्तर आलं डायक्लोफेनॅक. मग त्यांनी मेलेल्या पक्ष्यांच्या किडन्या तपासल्या. गाउट झालेल्या 25 च्या 25 पक्ष्यांत औषधाचा अंश सापडला, आणि गाउट नसलेल्या 13 पैकी एकातही नाही. शास्त्रात इतकं स्वच्छ उत्तर फार क्वचित मिळतं. हे संशोधन 2004 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं.

डायक्लोफेनॅक आपल्या ओळखीचंच आहे. कंबर धरली की डॉक्टर देतात त्या गोळीत ते असतं, चोळायच्या जेलमध्ये असतं. माणसाला ते दशकानुदशकं चालत आलं आहे. नव्वदच्या दशकात त्याची स्वस्त आवृत्ती बाजारात आली आणि गुरांच्या डॉक्टरांच्या पिशवीत जाऊन बसली. बैल लंगडतोय, गाईची कास सुजलीय, म्हशीला ताप भरलाय, द्या टोचून. स्वस्त होतं आणि लगेच गुण यायचा. यात शेतकऱ्याची काही चूक नव्हती. पुष्कळदा उलटंच होतं, ज्याचा आपल्या जनावरावर जीव होता तोच शेवटच्या दुखण्यात ही सुई द्यायचा. जनावर वाचलं तर औषध दोन-तीन दिवसांत शरीराबाहेर पडायचं. तेवढ्यात ते दगावलं, तर मात्र औषध मांसात आणि काळजा-किडनीत राहायचं आणि ढोर गावाबाहेर टाकलं जायचं.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो: सगळ्या गुरांना थोडंच हे इंजेक्शन मिळत होतं, मग सगळी गिधाडं कशी मेली? ढोबळ हिशोब करून पाहू. समजा, गिधाड तीन दिवसांतून एकदा पोटभर खातं. वर्षाची झाली 120 जेवणं. आणि समजा, 200 मेलेल्या ढोरांमागे फक्त एकाच्या अंगात प्राणघातक इतकं औषध आहे. एका जेवणातून वाचण्याची शक्यता 99.5 टक्के, म्हणजे अगदी झकास. पण वाचायचं आहे लागोपाठ 120 वेळा. 0.995 ला 0.995 ने 120 वेळा गुणत गेलं की उरतात 0.55. शंभरातली 55 गिधाडं वर्षअखेरीला जिवंत. पाच वर्षांनी पाच. शास्त्रज्ञांनी याहून किती तरी काटेकोर गणित मांडलं, तेव्हाही तेच निघालं: एक टक्क्याहूनही कमी ढोरांत औषध असलं तरी दिसलेली घट घडायला ते पुरेसं होतं. शिवाय गिधाडं पंगतीने जेवतात. एका ढोरावर पन्नास-शंभर उतरली की सगळी एकाच ताटात.

भर कशी होणार, तर तिथेही तोटाच. गिधाड वयात यायला पाचेक वर्षं लागतात. मादी वर्षाला एकच अंडं घालते. दोन महिने उबवायचं, मग पिल्लाला उडता येईपर्यंत आणखी तीन-चार महिने भरवायचं, आणि या सगळ्यात नर-मादी दोघंही अडकलेले. दोघांतला एक जेवायला गेला आणि परतला नाही, की ते वर्ष वाया. चिमण्या-कबुतरांसारखी ही भरपाई झटपट होणारी नाही.

गिधाडं गेल्यावर काय झालं हे सांगताना लोक 'निसर्गाचा सफाई कामगार' म्हणून मोकळे होतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की काळपुळीसारख्या रोगांचे जंतूही त्यात टिकत नाहीत. मोठा थवा एक अख्खी गाय तासाभराच्या आत हाडांपर्यंत साफ करतो. डोकं-मान उघडी असते ती म्हणूनच, आत तोंड घातलं की पिसं बरबटायला नकोत. ही फळी उठल्यावर तेच मांस कुत्र्यांच्या आणि उंदरांच्या वाट्याला आलं. कुत्री ढोर पूर्ण संपवत नाहीत, जंतू मारत नाहीत, आणि रेबीज घेऊन गावात परत येतात. 2024 मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि जिथे मुळातच कमी होती, अशांची त्यांनी तुलना केली. पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर 4 टक्क्यांहून जास्त वाढलेला निघाला. 2000 ते 2005 या पाच वर्षांत सुमारे 5 लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज आहे. आकड्यावर वाद घालता येईल, अभ्यासक घालतातही. पण दिशेबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नाही.

मुंबईत याचा फटका एका समाजाच्या थेट श्रद्धेला बसला. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी लोक आपले मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करत आले. माती, पाणी, अग्नी विटाळू नये ही त्यामागची धारणा. गिधाडं नाहीशी झाल्यावर तिथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणं बसवावी लागली. पावसाळ्यात मुंबईत ऊन किती पडतं हे वेगळं सांगायला नको.

आणि जुन्या दिवसांची आठवण काढताना एक गोष्ट गिळून टाकू नये. मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून नेण्याचं काम आपल्याकडे जातीने लादलेलं होतं. 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडून द्यायला सांगितलं ते याच जोखडातून सुटण्यासाठी. 'पूर्वी गावात किती छान व्यवस्था होती' असं गिधाडांबद्दल लिहिणाऱ्यांनी त्या व्यवस्थेतला माणूसही मोजावा. आज गिधाडांसाठी ढोर पोहोचवायचं तर गाडी लागते, मजुरी लागते, आणि ती द्यायला हवी.

बंदीकडे येऊ. भारताने 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली, नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी. पण माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक चालूच राहिलं, राहायलाच हवं होतं. आणि ते मिळायचं 30 मिलीच्या बाटलीत. माणसाला एका वेळी लागतं 3 मिली. मग एवढी मोठी बाटली कुणासाठी? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. बंदीनंतरच्या काही वर्षांत अभ्यासकांनी अकरा राज्यांतल्या औषधाच्या दुकानांत साधी गिऱ्हाइकं बनून जनावरासाठी वेदनाशामक मागितलं, तर 36 टक्के दुकानांत डायक्लोफेनॅक मिळालं. शेवटी 2015 मध्ये सरकारने माणसांसाठीच्या इंजेक्शनलाही 3 मिलीच्या एकाच डोसाची मर्यादा घातली. औषध कंपन्या कोर्टात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयाने 2017 मध्ये ही मर्यादा कायम ठेवली.

बाटली लहान केल्याने काय होतं, हे मी एका गोठ्यात पाहिलं. नाशिककडे मामांच्या गावी बैलाचा पुढचा पाय सुजला होता. गावात सुया टोचत फिरणारा एक जण आला. डिग्रीवाला नव्हे, हाताखाली काम करून शिकलेला. त्याने पिशवीतून काचेच्या बारीक कुप्या काढल्या आणि एकेकीची मान मोडत सिरिंज भरायला लागला.

"कसलं आहे हे?"

"दुखण्याचं."

"नाव काय पण?"

त्याने कुपी माझ्यापुढे धरली. माणसांचं डायक्लोफेनॅक, 3 मिली. एका कुपीत 75 मिलिग्रॅम. चारशे किलोच्या बैलाला पुरेल इतकं करायचं तर पाच-सहा कुप्या फोडाव्या लागतात. तो फोडत होता, कडब्यावर काचा पडत होत्या, आणि तो स्वतःच वैतागून म्हणाला, "पूर्वी एका बाटलीत काम व्हायचं, आता ही कटकट." ही कटकट हाच तर कायद्याचा हेतू. त्याने थांबणार कुणी नाही, पण ज्याला दुसरं औषध सोपं पडेल तो तिकडे वळेल.

ते दुसरं औषध आहे. मेलॉक्सिकॅम. गिधाडांना ते देऊन पाहिलं गेलं, आणि ते सुरक्षित ठरलं. त्याचे निष्कर्ष 2006 मध्येच प्रसिद्ध झाले. नंतर टॉल्फेनॅमिक अ‍ॅसिडही त्या यादीत आलं. अडचण अशी की डायक्लोफेनॅक गेल्यावर बाजार एका औषधावर थांबत नाही. त्याच्या जागी केटोप्रोफेन आलं, ते गिधाडांना घातक. असेक्लोफेनॅक आलं, त्याचं तर जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतं. या दोन्हींवर 2023 मध्ये बंदी आली, त्यानंतर निमेसुलाईडवरही. प्रत्येक वेळी क्रम तोच: औषध आधी बाजारात, गिधाडं मग मरतात, पुरावा गोळा होतो, बंदी वर्षांनंतर. माझ्या मते हे उलटं हवं. गुरांसाठी नवं वेदनाशामक आणायचं असेल तर ते गिधाडांना चालतं हे कंपनीने आधी दाखवावं. आणि हा गाढवपणा आपण एकट्यानेच केलाय असंही नाही. आपल्याकडचं सगळं जगजाहीर झाल्यावर, 2013 मध्ये, स्पेनने गुरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली. युरोपातली सगळ्यात जास्त गिधाडं राहतात तीही स्पेनमध्येच.

मग उरलीत किती? 2015 च्या देशव्यापी पाहणीनंतर भारतातला अंदाज असा होता: पांढऱ्या पाठीची सुमारे 6,000, लांब चोचीची 12,000, बारीक चोचीची 1,000. राजगिधाडासह या चार जाती अतिधोक्यात असलेल्यांच्या यादीत आहेत. घसरगुंडी बरीचशी थांबली, पण वर चढणं फारसं सुरू झालेलं नाही.

महाराष्ट्रात ती कुठे कुठे तग धरून आहेत हे पाहिलं की एक मजेशीर नकाशा होतो. लांब चोचीचं गिधाड कड्यात घरटं करतं, म्हणून ते नाशिकला अंजनेरीच्या आणि सह्याद्रीतल्या इतर उभ्या कड्यांवर. (इगतपुरीजवळचं टाकेद हे जटायू पडला ती जागा म्हणून ओळखलं जातं. कड्यांकडे पाहिलं की ही कथा इथेच का रुजली असेल ते कळतं.) पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच जुन्या झाडावर घरटं करतं, म्हणून ते रायगडात म्हसळा-श्रीवर्धनच्या पट्ट्यात आणि पार दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात महाडची सिस्केप ही संस्था आणि गावकरी वर्षानुवर्षं घरटी राखत आहेत. गावकऱ्यांनी झाडं तोडली नाहीत, हेच मुळात मोठं काम. पण 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आदळलं ते नेमकं श्रीवर्धनजवळ. उंच, जुनी झाडं सगळ्यात आधी आडवी होतात. माणसाने राखलेलं झाड वारा नेतो तेव्हा कुणावर रागवायचं हेही कळत नाही.

गडचिरोलीत आणि नाशिककडे हरसूलच्या बाजूला वनखात्याने 'गिधाड उपाहारगृहं' चालवली. नाव ऐकून हसू येतं, पण कल्पना सरळ आहे. कुंपण घातलेली मोकळी जागा, तिथे नैसर्गिकरीत्या मेलेलं, औषध न टोचलेलं ढोर आणून टाकायचं. खात्रीचं अन्न घरट्याजवळ मिळालं की पक्षी लांब जाऊन विषारी ढोरावर उतरण्याची शक्यता कमी होते. कमी होते, संपत नाही. गिधाड उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर पंख पसरून तरंगतं, पंख न मारता दिवसाला शंभर किलोमीटर सहज जातं. तुमच्या उपाहारगृहाच्या पलीकडल्या तालुक्यातली एक सुई पुरेशी असते. म्हणूनच 'सुरक्षित क्षेत्र' ठरवताना गिधाडांच्या वसाहतीभोवती शंभर किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ धरतात. तेवढ्या वर्तुळात कित्येक जिल्हे येतात, आणि त्यातलं प्रत्येक औषधाचं दुकान हा गिधाडांच्या अधिवासाचा भाग होतो. नेपाळने हे मनावर घेतलं, दुकानांतून डायक्लोफेनॅक खरोखर काढलं, आणि तिथे पांढऱ्या पाठीची गिधाडं सावरताना दिसतात.

पिंजऱ्यातली पैदास हा दुसरा मार्ग. हरियाणात पिंजोरला 2001 मध्ये केंद्र सुरू झालं, पुढे पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसाममध्ये राणी, मध्य प्रदेशात भोपाळ. तिथे एक युक्ती करतात. जोडीने घातलेलं पहिलं अंडं हळूच उचलून यंत्रात उबवायला ठेवतात. घरटं रिकामं दिसलं की काही जोड्या दुसरं अंडं घालतात. वर्षाला एकाऐवजी दोन पिल्लं. जानेवारी 2024 मध्ये पिंजोरहून वीस गिधाडं विदर्भात आली, दहा लांब चोचीची पेंचला आणि दहा पांढऱ्या पाठीची ताडोब्याला. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बांधून त्यांना सोडलं. ताडोब्यातून सुटलेलं एक गिधाड राज्यामागून राज्य ओलांडत थेट तमिळनाडूत जाऊन पोहोचलं. बातमी वाचून कौतुक वाटतं. मग लक्षात येतं, वाटेतल्या हजारो गोठ्यांतल्या पिशव्यांत काय असेल ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांनी कुपीवरचं नाव वाचावं, एवढंच करण्यासारखं आहे. मेलॉक्सिकॅम असेल तर ठीक. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, केटोप्रोफेन, निमेसुलाईड दिसलं तर दुसरं मागावं. आणि सुई दिल्यावर आठवड्याच्या आत जनावर गेलं तर ते उघड्यावर न टाकता पुरावं.

मामांचा बैल त्या वेळी बरा झाला. मी त्यांना मेलॉक्सिकॅमचं नाव कागदावर लिहून दिलं, त्यांनी तो गोठ्याच्या खांबाला खिळ्याने अडकवला. पुढे वर्षभराने बैल म्हातारपणाने गेला, त्याला कसली सुई दिलेली नव्हती. गिधाडांसाठी याहून चांगलं ढोर असू शकत नाही, असं मी फोनवर म्हटलं. तोवर जेसीबी येऊन गेला होता.

"आता कोण ओढत नेणार बाहेर? वासाने लोक शिव्या घालतात," मामा म्हणाले. "तुझी गिधाडं वर दिसायला लागली की फोन कर. मग नाही पुरणार."